लूसी पुलावर आहे तोवर

"महिन्यात परत करायचं हं, आक्का! ग्रंथालयात माझं नाव लिहिलंय. आणि शेवटचं पान उलटल्याशिवाय पुस्तकाबद्दल मत द्यायचं नाही!"

बेळगावच्या मोटार स्टँडवर पार्श्वनाथनं, म्हणजे ब्राह्मीच्या धाकट्या भावानं, दोन जाडजूड पुस्तकं हातात ठेवताना असं बजावलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्रजी कादंबरी, तीन भागांची. त्यातला तिसरा भाग कुणीतरी आधीच नेलेला.

"महिना कशाला? वीस दिवसांत संपवते की नाही बघ!" ब्राह्मी म्हणाली.

एरवी ती बढाई मारणारी नव्हे. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जिनदर्शन घ्यायचं, दिवसाचा एखादा लहानसा नियम घ्यायचा, मगच पाण्याचा थेंब तोंडात. बोलणं तर इतकं हळू की तिनं मांजर हाकललं तर ते लाडानं जवळ यायचं! पण बेळगावच्या मुलींच्या शाळेत मॅट्रिक झाली होती. सगळे मोह सुटले, इंग्रजीचा तेवढा सुटायचा राहिला होता.

निपाणीला आल्यावर दुपारचं शास्त्रवाचन झालं आणि तिनं पहिला भाग उघडला. सासूबाई चंपाबाई, घरच्यांच्या आत्ती, वाती वळत बसल्या होत्या.

"मनातल्या मनात काय वाचतीस? आमाला कान न्हाईत व्हय?"

झालं! ब्राह्मी एक परिच्छेद वाचायची आणि मराठीत सांगायची. चौथ्या दिवशी शेजारच्या अक्काताई मिश्रीची डबी घेऊन आल्या. आठवड्याभरात परसामागची कांताही येऊन बसली. तिचं तोंड जात्यासारखं, दाणे संपले तरी फिरतच राहायचं.

गोष्ट होती लूसी नावाच्या अनाथ पोरीची. चुलत्यानं तिच्या बापाचं मृत्युपत्र लपवलेलं. लग्नाला दोन जण तयार. एक घोड्यांच्या पागा असलेला जहागीरदार आणि एक गरीब घड्याळजी.

शेवटच्या पानाची वाट बघायला इथं कुणाला वेळ होता! ब्राह्मीनं एक पान वाचलं की तीन पानांची मतं पडायची.

"घोडी हाईत, बंगला हाय, आनि ही भवानी नको म्हनती?" अक्काताई कडाडायच्या. "जहागीरदारच बरा!"

"तो रातीला नऊ वाजता जेवतोय," आत्ती शांतपणे म्हणायच्या. "दिवे लावून जेवणाऱ्या घरात पोरगी सुखानं नांदायची न्हाय."

"घड्याळजीबी आठला जेवतोय की!"

"त्याचं एक तास पाप कमी."

आत्तींचं ठाम मत होतं की ही सगळी मंडळी दिवस मावळायच्या आत जेवली असती, तर कादंबरी पहिल्याच भागात सुखानं संपली असती. कांताचं मत निराळं. मृत्युपत्र कपाटात ठेवलंच कशाला, ज्वारीच्या कणगीत घालायचं! हे मत तिनं नऊ वेळा दिलं.

असे वीस दिवसांचे साडेतीन महिने झाले. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर लूसीची बग्गी पूर आलेल्या नदीच्या लाकडी पुलावर आली. मागून चुलता. मध्येच खांब कडाडला, घोडी उधळली आणि...

"भाग दुसरा समाप्त," ब्राह्मी म्हणाली.

आत्तींच्या हातातली वात तशीच राहिली. "पोरगी पुलावर हाय आन् समाप्त?"

"पुढचं तिसऱ्या भागात आहे, आत्ती."

आत्ती उठल्या, बस्तीच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाल्या, "त्या लेकराचं धड झालं का न्हाय ते कळंपातूर मला मीठ वर्ज्य!"

ब्राह्मी "अहो आत्ती" म्हणेपर्यंत अक्काताईंनी मिश्रीची डबी खाली ठेवली. "मग मी तरी मागं कशाला राहू? मिश्री बंद!" कांतानं क्षणभर विचार केला आणि सकाळपासून दुपारपर्यंतचं मौन घेतलं.

कांताच्या घरचं मत तिथंच ठरलं. हे पुस्तक कधीच संपू नये!

बाकीच्यांचे मात्र हाल सुरू झाले. आत्ती अळणी जेवणार म्हटल्यावर सून खारं कसं रांधणार? ब्राह्मीचे मालक श्रीपाल तंबाखूच्या वखारीतून दमून यायचे आणि आमटीचा भुरका मारून भिंतीकडे बघत बसायचे. अक्काताईंना मिश्री नाही म्हणून घरात भांडी सरळ खाली ठेवणंच बंद झालं. त्यांचे मालक भरमाअण्णा एका सकाळी डबी घेऊन दारात उभे!

"वैनी, ही डबी घ्या, त्या लूसीबाईला द्या. पर तिला पुलावरनं उतरा म्हना!"

ब्राह्मीनं भावाला पत्र घातलं. उत्तर आलं, तिसरा भाग अजून आलेला नाही. त्या दिवशी आत्तींनी तूप आणि गूळ सोडला.

"आगं, इंग्लिश शिकलीस न्हवं?" अक्काताई कानाशी लागल्या. "दे की काय तरी ठोकून. पोरगी वाचली म्हन!"

"न वाचलेलं कसं सांगू, अक्काताई?" ब्राह्मी पुटपुटली. मनात मात्र तिनं लूसीला दहा वेळा पुलावरून ओढून काढलं होतं.

जे तिला जमलं नाही ते श्रीपालनी केलं. संध्याकाळी वखारीतून आले ते हसतच! "आई, बेळगावचा एक वकील आलता. त्यानं वाचलंय. पोरगी वाचली! लगीनबी झालं!"

"कुणासंगट?" तिघी एकदम.

श्रीपालनी कादंबरी ऐकली होती ती ओसरीवरून, अर्ध्या झोपेत. "त्या... ह्यांच्यासंगट. पाद्रीसाहेबांसंगट."

पाद्रीसाहेब पहिल्या प्रकरणातले. वय सत्तर, बायको हयात!

"अकरा लेकरांचा बाप त्यो!" अक्काताई किंचाळल्या.

आत्ती अगदी हळू म्हणाल्या, "श्रीपाल, बस्तीकडं तोंड करून सांग."

श्रीपालनी तोंड चुलीकडे केलं.

लेकाच्या खोट्याचं प्रायश्चित्त म्हणून आत्तींनी तेल आणि दही सोडलं. व्रतात सोडायच्या सहा रसांतलं आता दूध तेवढं उरलं. दोनच दिवसांनी पाणी शेंदताना त्यांना घेरी आली. ब्राह्मीनं धरलं म्हणून बरं! हातात आलेलं ते हलकं अंग तिला रात्रभर झोपू देईना. वीस दिवसांत वाचते म्हणणारी तीच, आणि उघड्या पुलावर सगळ्यांना नेऊन सोडणारीही तीच!

दुसऱ्या दिवशी पार्श्वनाथचं पाकीट आलं. तिघी भोवती बसल्या. आत्ती भिंतीला टेकून.

"'आक्कास नमस्कार. तिसऱ्या भागाचा पत्ता लागला. इथल्याच खासबागेत यशोदाबाई म्हणून एक वृद्ध बाई आहेत. त्यांच्याकडे तो चार महिने आहे. परत मागितला तर म्हणाल्या...'" ब्राह्मीचा आवाज बारीक झाला.

"मोठ्यानं वाच की!"

"'...म्हणाल्या, मी शेवट वाचला, पण आनंद मानावा की रडावं तेच कळेना! ही लूसी कोण, कुठल्या पुलाचं सगळे बोलतात, घड्याळजी सारखा का रडतो? पहिले दोन भाग निपाणीच्या कुणी बाई चार महिने दाबून बसल्यात. ते येईपर्यंत तिसरा देणार नाही. आणि...'"

"आनि काय?"

"'...तोपर्यंत त्यांनी चहा सोडला आहे.'"

दुपार टळून मौन सुटलं होतं, तरी कांतानं तोंडावर हात धरला!

"म्हंजे," अक्काताई म्हणाल्या, "चोर आपुनच व्हय!"

आत्तींचे डोळे भरून आले. "म्हाताऱ्या बाईचा चहा आपल्यापायी सुटला. दुसऱ्याच्या ताटात अंतराय घातला गं आपण. आता मी दूधबी..."

"नाही, आत्ती!!"

ब्राह्मी ओरडली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि हा पहिला आवाज! चुलीजवळचं मांजर परसात पळालं ते दिवसभर फिरकलं नाही.

"चूक माझी आहे. उद्या पहिल्या मोटारीनं मीच जाते. दोन्ही भाग देते, तिसरा मागून आणते. तोवर दुधाचं नाव काढायचं नाही." एवढं बोलून तिलाच धाप लागली.

आत्तींनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "एक नियम घेऊन जा. वाटंत तिसरा भाग उघडायचा न्हाय. सगळ्या मिळून ऐकायचं."

ब्राह्मीनं हात जोडले.

सकाळी दर्शन झालं. शास्त्राची पोथी बांधावी तसे तिनं दोन्ही भाग धुतल्या वस्त्रात बांधले. श्रीपाल आधीच टोपी घालून तयार. "मीबी येतो सोबत. पार्श्वनाथच्या घरी आमटीत मीठ असंल."

आत्ती दारापर्यंत आल्या. इकडे तिकडे बघून सुनेच्या कानाशी लागल्या, "नियम नियमाच्या जागी. पर पूल तेवढा बघ हं. लगीन बघू नको."

"लगीनच बघ!" कुंपणापलीकडून अक्काताई.

कांताचं मौन चालू होतं. तिनं दोन्ही हातांनी लगाम ओढून दाखवला, मग बोटांनी घड्याळाला किल्ली दिली आणि भुवया उंचावल्या.

ब्राह्मीनं नुसती मान हलवली, डोक्यावरचा पदर सारखा केला, गाठोडं छातीशी धरलं आणि महिन्याभरात पुस्तकं परत करायचा शब्द पाळायला, फक्त तीन महिने उशिरा, हळूच निघाली.