बंदुकीचं अजीर्ण

आमच्या शेजारचे नाना कुणाला 'कसं काय' असं विचारत नाहीत. "आवाज कसा येस?" असं विचारतात. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, की कुणाचा नवा जावई. तीस वर्षं सूतगिरणीत फिटर होते. यंत्र उघडण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं.

मी धुळ्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. खडूपलीकडे हत्यार हातात धरलेलं नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात माझी छऱ्याची बंदूक मी घरीच उघडली, कारण मोबाइलवर एक माणूस ती दहा मिनिटांत उघडून, ग्रीस लावून लोण्यासारखी करत होता. मला तीन दिवस लागले. पहिल्याच दिवशी आतली स्प्रिंग सुटली आणि ट्यूबलाइट फुटली. बायको म्हणाली, "नेम चांगला आहे तुमचा."

तिसऱ्या दिवशी परसात, वाळूच्या पोत्यांसमोर बिस्किटाच्या डब्याचं झाकण टेकवून बार काढला. धाडकन आवाज, नळीतून धूर, करपल्या तेलाचा वास. मी याला ताकद समजलो आणि दुपारभर बार काढत बसलो.

शेवटी कुंपणावरून नानांचं डोकं वर आलं.

"मास्तर, हाई बंदूक नही, स्टोव्ह शे."

मला वाटलं, कौतुक करायला आलेत.

"ग्रीस कितलं लावं?"

"डबीभर."

"बठ्ठं?"

"बठ्ठं. सगळंच," मी अभिमानानं म्हणालो.

"तिले अजीर्ण व्हयनं शे."

जास्तीचं ग्रीस हवा दाबणाऱ्या दट्ट्याच्या वॉशरपुढे जातं, दाबानं तापून पेटतं, म्हणून धूर आणि धडाका. एवढं सांगून ते बंदूक आपल्या ओट्यावर घेऊन गेले. स्प्रिंग लोखंडी शिकंज्यात दाबून त्यांनी ती अशी अलगद काढली, की मला ट्यूबलाइटची लाज वाटली.

सगळं पुसून जोडल्यावर धूर गेला, पण छरा झाकणाला लागून मरगळून खाली पडला. मी छऱ्यांना दोष दिला. नानांनी नळी दुमडते त्या सांध्यावर पतंगाच्या कागदाची चिंधी धरली आणि बार काढायला लावला. चिंधी हलली नाही. म्हणजे हवा तिथून जात नव्हती. पुन्हा उघडली, तर वॉशरची कड कापलेली. मी जोर लावून आत घुसवताना ती नळकांड्याच्या खाचेच्या धारेवर सोलली गेली होती.

"हाई कोनी कापं?"

फळ्यावर बोलावलेल्या पोरासारखं मी जमिनीकडे पाहिलं.

नानांनी खाचेची धार पॉलिश कागदानं मारली, चामड्याचा नवा वॉशर कापून बसवला, नखावर मावेल एवढंच ग्रीस लावलं. या सगळ्यात चार दिवस गेले. मग बार काढला. नुसतं 'टप्'. झाकणाला आरपार भोक.

मी जरा हिरमुसलो. "नाना, आधीच्या आवाजाची मजा गेली."

नाना हात पुसत राहिले.

"तुनी अक्का दचकस," ते म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची बायको. वर्षभर अंथरुणावर, काही आठवत नाही, हे मी ऐकून होतो. माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. "दर बारले दचकस, मंग माले शोधस. मी बाजूलेच बसेल ऱ्हास, तरी मालेच शोधस."

"मग बंद कर म्हणायचं ना, नाना. त्याच दिवशी ठेवून दिली असती."

"तुना शौक शे. शौक काबर मोडू?"

आतून बारीक आवाज आला, "कोन शे तठे?"

"मी शे वं," नाना म्हणाले, आणि हातातलं फडकं तिथंच टाकून आत गेले.