खुंटीवरची घोंगडी

"सोलापुरात मला फसवंल असा माणूस अजून जल्माला यायचाय!" सांगोल्याच्या पारावर छाती फुगवून एवढं सांगितलं, आणि धुळा मेंढके बायकोला घेऊन कोकरं विकायला निघाला.

"ते ऱ्हाऊ द्या. घोंगडी तेवढी सांभाळा. हरवलीसा तर घरात घेणार न्हाय!" मायाक्का म्हणाली.

ती उगाच नव्हती बोलत! त्या घोंगडीचं सूत तिनं मेंढरांमागे चालता चालता दोन वर्षं कातलं होतं. काठाला लाल दोराही तिनंच भरला होता. आणि धुळानं पहिल्याच महिन्यात चिलीम सांडून कोपऱ्याला भोक पाडलं होतं. त्या भोकाचा विषय अजून रोज जेवताना निघायचा.

कोकरं झटपट विकली गेली. मायाक्का बांगड्या भरायला बसली, आणि धुळा सिदूबुवांची झोपडी बघायला सटकला. सिदूबुवा म्हणजे जुन्या काळातले, मेंढरं राखत ओव्या रचणारे सत्पुरुष. शहरातल्या जाणत्या मंडळींनी त्यांची झोपडी होती तशी राखली होती. चूल, गाडगी, काठी, सगळं जागच्या जागी.

धुळानं वाकून आत पाऊल टाकलं आणि रिकाम्या घराला रामराम घातला. खुंटी मोकळी दिसली. पाव्हण्यानं घोंगडी खांद्यावर ठेवून कसं बसायचं? त्यानं ती रीतसर खुंटीला अडकवली आणि मागं पाणी प्यायला गेला. तिथं कुंपणावर एक कसर लागलेली घोंगडी उन्हात पडली होती.

"असली चिंधी कोण पांघरत असंल?" धुळा हसला.

ती चिंधी सिदूबुवांची होती! झाडलोट करणाऱ्या काशम्मानं ती सकाळी उन्हात घातली होती, आणि काम आटोपून ती घरी गेली होती.

धुळा परत आला तर आत ही गर्दी! गिरणीतले कारकून आणि त्यांच्या बायका. राखणदार शिवलिंगप्पा सोमवारीच कामावर लागला होता. कागद वाचून तो माहिती सांगत होता, आणि कागदात नव्हतं तेही सांगत होता.

"ही बुवांची घोंगडी! ही पांघरून त्यांनी लांडग्याशी झुंज घेतली. हे भोक बघा, लांडग्याचा दात!"

एका म्हातारीनं घोंगडीवर डोकं टेकलं. कुणी फूल वाहिलं. क्षणभर धुळालाही आपण लांडगा मारल्यासारखं वाटलं. मग तो भानावर आला.

"अवो, ती माजी हाय! भोक चिलमीचं हाय!"

"आणि लांडगा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"लांडगा दिसला तवा मी बाभळीवर चढलो हुतो! काटं अजून हायत, दाखवू?"

"बुवांच्या वस्तूवर हक्क सांगता? साक्षीदार आणा!" शिवलिंगप्पा गरजला.

धुळानं धावत जाऊन मायाक्काला ओढून आणलं. "सांग ह्यास्नी, कुणाची हाय ती!"

मायाक्का बघतच राहिली. घोंगडीवर फुलं होती. एक कारकुनीणबाई काठावरून बोट फिरवत म्हणत होती, "काय सुबक दोरा भरलाय हो! असं काम आता कुणाला जमतंय?"

वीस वर्षांच्या संसारात त्या काठाबद्दल धुळाच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता! मायाक्काचे डोळे भरून आले. तिनं घोंगडीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"न्हाय बाई. ही आमची न्हवं. आमच्या मालकानं एवढी टिकवली असती व्हय?"

शिवलिंगप्पाला दया आली. "मागं कुंपणावर एक पडलीय बघा, ती तुमची असेल!" म्हणून त्यानं ती आणून धुळाच्या खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी काशम्मानं खुंटीकडं बघून तोंडात बोट घातलं. "एका दिवसात नवी झाली की! उन्हाचा काय गुण आलाय!"

आणि मायाक्का शब्दाची पक्की. घोंगडी हरवली ती हरवलीच! धुळाचं अंथरूण घराबाहेर, मेंढरांच्या वाडग्यात गेलं. सिदूबुवांच्या घोंगडीतल्या प्रत्येक भोकातून थंडी आत येते. तो लाल काठाची रोज तोंडभर तारीफ करतो, पण आता काय उपयोग?

पारावर मात्र छाती अजून तेवढीच फुगते. "सोलापूरकरानं मला फसवलं न्हाय!"

"मग कुणी फसवलं?" कुणी विचारलं की धुळा चिलीम पेटवायला उठतो.