पायडल मंजूर होईपर्यंत

तोल ही मनुष्यजातीची पहिली गरज आहे. ज्याचा तोल जातो तो पडतो, आणि जो पडतो त्याच्या औषधपाण्याचे बिल कार्यालयात येते. एवढ्याच विचारावर आमच्या वसाहतीची बाल-सायकल समिती उभी राहिली. मी तिचा चिटणीस. वसाहत शहराबाहेर, जरीपटका भागाच्या पुढे, एका कारखान्याची आहे (कोणत्या, ते विचारू नये. वसाहतीलाही अब्रू असते).

त्याआधी, म्हणजे चौऱ्याहत्तर सालापर्यंत, आमची पोरं सायकल कशी शिकत? बापाची मोठी सायकल ढकलत न्यायची, दांडीखालून पाय घालून कैची मारायची, नालीत पडायचं, गुडघा फोडून घ्यायचा आणि आठवड्याभरात इतवारीच्या बाजारापर्यंत चक्कर मारून यायचं. ना नियोजन, ना देखरेख, ना चहापान. असल्या प्रकाराला शिक्षण कोण म्हणेल?

मग कारखान्यात यंत्र जोडायला एक जर्मन इंजिनीअर आला. त्याने आपल्या चार वर्षांच्या पोराच्या सायकलचे पायडल पान्याने काढले, सीट खाली केली आणि पोराला पायांनी जमीन रेटत सोडून दिले. थोड्याच दिवसांत पोर पाय उचलून मजेत घरंगळायला लागले. तेव्हा त्याने पायडल परत बसवले आणि पोर भुर्रकन निघून गेले. आमचे अध्यक्ष आणि कल्याण अधिकारी महादेवराव यांनी हे सगळे गच्चीवरून पाहिले आणि त्याच संध्याकाळी ही पद्धत स्वीकारली. निदान पहिली अर्धी. वसाहतीतल्या मुलांच्या झाडून साऱ्या सायकलींचे पायडल काढून क्लबच्या कपाटात ठेवण्यात आले. किल्ली महादेवरावांच्या जानव्याला.

पद्धत उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. महिन्याभरात मुले मैदानावर बदकांसारखी पाय मारत फिरू लागली, उतारावर पाय उचलून तोल सांभाळू लागली. गुडघे फुटण्याचे प्रमाण शून्यावर आले. कुठे पोचण्याचे प्रमाणही शून्यच होते, पण ते समितीच्या उद्दिष्टात नव्हते.

आता पायडल द्यायचे कधी, हा प्रश्न आला. समितीने समतेचा विचार केला. एकाला पायडल दिले की दुसऱ्याचे मन खट्टू होते. म्हणून ठरले, की सगळी मुले तोल शिकल्याशिवाय कोणालाच पायडल नाही. बाजारातून पायडल आणून बसवणाऱ्याचा क्वार्टर काढून घेण्यात येईल (हे मुलांच्या सुरक्षेसाठी).

सगळी मुले शिकली होती. एकटा श्रीरंग राहिला होता. श्रीरंग महादेवरावांचा नातू, वय सात. तो सीटवर बसे, दोन्ही पाय जमिनीवर रोवे आणि संत्रागोळी मागे. गोळी संपली की रडे. शाळेत तो ऑफिसच्या जीपने जात असल्यामुळे त्याला सायकलची घाई नव्हती, आणि त्याला नव्हती म्हणून समितीलाही नव्हती.

घाई होती ती भट्टीवरच्या नानाजींना. त्यांची उत्तरा सातवी पास झाली होती. पुढे मुलींचे हायस्कूल पाच मैलांवर. बसची सोय नाही, आणि जीप साहेबांच्या मुलांसाठी. नानाजींनी तिच्यासाठी जुनी सायकल घेतली होती. घरात ठरलेच होते, की सायकल चालली तर शाळा, नाही तर घरी बसून धाकट्या भावाला सांभाळायचे. ती तर पहिल्या आठवड्यातच तोल शिकली होती. असली उतावीळ मुले प्रत्येक वसाहतीत एखाददुसरी निघतातच.

जूनमध्ये नानाजी समितीपुढे आले. टोपी हातात, अंगावर भट्टीची काजळी.

"साहेब, पोरगी शिकली नं आता. तिचे पायडल देऊन टाका. शाळा सुरू होऊन राहिली."

"घाई काहून करून राहिले गा, नानाजी?" महादेवराव मायेने म्हणाले. "सगळ्यायचं सोबतच होईल. एकटीलेच दिले तं लोक काय म्हणतील?"

नानाजी टोपी घालून भट्टीवर परत गेले. सभेत चहा झाला.

शाळेच्या पहिल्या दिवशी उत्तरा निळा स्कर्ट घालून, दोन वेण्या घट्ट बांधून फाटकाशी आली. नानाजी म्हणाले, "राहू दे वं, पायडल येईपर्यंत थांब."

"मी अशीच जातो, बाबा," ती म्हणाली, आणि पाय मारत मारत पाच मैल गेली. उतार दोनच होते, बाकी सगळा चढ आणि सपाटी. ती पोचली तेव्हा दुसरा तास संपत आला होता. रोज गेली. रोज उशीर झाला. चपलांचे तळ गेले, मग ती अनवाणी गेली. मी स्वतः व्हरांड्यातून हे पाहिले आणि समितीच्या अहवालात 'तोलाचा उत्कृष्ट नमुना' असा तिचा गौरव केला. महिना होत आला तेव्हा हायस्कूलने रोजच्या उशिरामुळे तिचे नाव काढून टाकले. मुलगी घरी बसली. भावाला सांभाळू लागली.

पंधरा ऑगस्टला पद्धतीची फलश्रुती झाली. चपराशी नत्थूने सीट धरली, दुसऱ्याने हँडल धरले आणि श्रीरंगने दोन्ही पाय उचलले. महादेवरावांच्या डोळ्यांत पाणी आले. तिथल्या तिथे सर्व मुलांना पायडल देण्यात आले, सोबत नारळ. उत्तरा भावाला कडेवर घेऊन आली आणि एका हाताने पायडल घेऊन गेली. तिची आई जिजाबाई मागे उभी राहून रडत होती (आनंदाने, असे इतिवृत्तात आहे).

टीकाकार विचारतात, की सगळी वसाहत तेव्हा काय करत होती. सारी वसाहत मैदानावर होती. सगळ्यांना सगळे माहीत होते. श्रीरंग गोळी मागे तेव्हा लोक पोट धरधरून हसत, आत्ता आपण हसलात अगदी तसेच. हसून झाले की घरी जात. कपाट उघडा, असे म्हणायला एकही माणूस पुढे आला नाही. म्हणून म्हणतो, आमच्या वसाहतीत क्वार्टर रिकामा झाला तर अर्ज जरूर करा. आपण छान रमाल.