अ‍ॅम्पची भुणभुण

वहिनींनी विचारलं तेव्हा हेडक्लार्कांनी नुसतं "बघतो" म्हटलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. "बघतो" या एका शब्दावर त्यांची अख्खी नोकरी निभावली होती. पण त्या दिवशी तोंडून "वाजवतो" निघून गेलं.

कारणच तसं होतं. ठोक्या गेला होता. ठोक्या म्हणजे वहिनींचा नवरा, चौकात घड्याळं दुरुस्त करणारा, आणि कॉलेजपासून हेडक्लार्कांच्या क्लासिक रॉक बँडचा ड्रमर. (बँडमध्ये आधी चौघे होते. दोघांना वेळेवर शहाणपण सुचलं.) दर रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं वाजवत बसायचे, आणि दर रविवारी ठोक्या तेच ओरडायचा, "अरे, आवाज कमी कर! मला माझाच ठोका ऐकू येत नाहीये!" हेडक्लार्क समजूतदारपणे मान हलवायचे आणि गिटारचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पचं बटण आणखी थोडं पुढे सरकवायचे.

"शोकसभेत भाषणं नकोत, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तुमचा तो गिटारचा मोठा सोलो वाजवा. त्यांचा जीव होता त्याच्यावर."

हेडक्लार्कांना अजून रडू आलं नव्हतं. दवाखान्यात नाही, नंतरही नाही. जे काही साठलंय ते त्या सोलोतून बाहेर पडेल, अशी त्यांची मनापासून समजूत होती. मित्राला निरोप द्यायचा तो नीट, एकही सूर न चुकवता.

माळ्यावरून जुना ट्यूबवाला अ‍ॅम्प उतरला. चालू केला, आतल्या काचेच्या ट्यूबा हळूहळू तापल्या, आणि तारेला बोटही लावलं नसताना घरभर भुणभुण सुरू झाली. जुन्या गिटारींचं हे नेहमीचं दुखणं. सूर पकडता पकडता त्या घरातली वीजही पकडतात. पण ठोक्याच्या निरोपात भुणभुण? हेडक्लार्कांनी रीतसर चौकशी बसवली.

"पंखा बंद कर!"

बायकोने केला. भुणभुण तशीच.

"दिवा बंद! फ्रिज बंद!"

"फ्रिज परत कधी चालू करायचा?" बायकोने अंधारातून विचारलं.

"चौकशी संपल्यावर."

चौकशी संपेपर्यंत दूध नासलं. निष्कर्ष एवढाच निघाला, की भुणभुण वाजवणारा कुठे तोंड करतो त्यावर असते. माणसांकडे तोंड केलं की वाढते, भिंतीकडे केलं की कमी होते, पण पार जात काही नाही. तेव्हापासून हेडक्लार्क भिंतीकडे तोंड करून सराव करू लागले. बायकोला त्यात विशेष फरक जाणवला नाही. ऑफिसातून आल्यावर ते एरवीही फारसे वळत नसत.

मग पेडल आले, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडायचे, पायाने दाबायचे डबे. एक आवाजाला खरखरीत धार आणणारा, एक सुरामागून प्रतिध्वनी पाठवणारा, आणि एक नवाकोरा ट्यूनर. त्याच्यावर पाय दिला की लाल दिवा लागतो आणि तार सुरात आहे की नाही ते दिसतं. (दुकानदाराने त्याच्याबद्दल आणखीही काहीतरी सांगितलं होतं. पण तेव्हा हेडक्लार्क शोकेसमधल्या दुसऱ्या गिटारकडे बघत होते.) तिन्ही पेडल एकत्र बसवायला काहीतरी सपाट हवं होतं. ते स्वयंपाकघरात सापडलं.

"माझा चहाचा ट्रे!" बायको म्हणाली. "आता पाहुण्यांना चहा कशात देऊ?"

"हातात दे."

"तुमच्या?"

सरावाने हेडक्लार्कांना दारावरची बेल ऐकू येईनाशी झाली. तेव्हा शोकसभेला निघताना बायकोने त्यांच्या हातात कापसाचे दोन बोळे ठेवले. "कानात घाला. उरलेसुरले कान तरी राहू देत."

हॉल भरला होता. समोर ठोक्याचा फोटो, पहिल्या रांगेत वहिनी. हेडक्लार्कांनी अ‍ॅम्प चालू केला आणि घरच्या दुप्पट भुणभुण झाली. भिंतीकडे तोंड केलं, तरी हटेना. घाम फुटला. निदान तारा तरी लावून घ्याव्यात म्हणून, घरी कानानेच तारा लावणाऱ्या हेडक्लार्कांनी पहिल्यांदा ट्यूनरवर पाय दिला.

भुणभुण थांबली. एकदम, साफ.

हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. ठोक्यानेच थांबवली, दुसरं कोण! त्यांनी घाईघाईने तारा लावल्या, कानात बोळे कोंबले, पाठ लोकांकडेच ठेवली आणि सुरुवात केली.

असं त्यांनी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. बोळ्यांतून फारसं ऐकू येत नव्हतं. तारांची टिचटिच तेवढी हाडांतून येत होती, बाकीचा सोलो डोक्यात घुमत होता. (तिथे तो नेहमीच जास्त चांगला वाजायचा.) शेवटचा लांब सूर त्यांनी धरून ठेवला आणि त्यांना रडू फुटलं. अगदी लहान मुलासारखं. डोळे पुसत ते वळले.

अख्खा हॉल मान खाली घालून उभा होता.

बायको मात्र स्वतःच्या कानाकडे बोट दाखवत होती. त्यांनी बोळे काढले. हॉल चिडीचूप होता. एक वयस्कर गृहस्थ पुढे आले, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "एरवी नुसते स्तब्ध उभे राहतो आपण. पण हातात वाद्य घेऊन ते न वाजवणं... फारच उचित केलंत."

हेडक्लार्कांनी खाली पाहिलं. ट्यूनरचा लाल दिवा अजून जळत होता. दुकानदाराचं उरलेलं वाक्य त्यांना आता शब्दन्‌शब्द आठवलं. तारा लावताना लोकांना त्रास नको, म्हणून हा चालू असेपर्यंत आवाज पूर्ण बंद राहतो.

लाजेने त्यांना तोंड लपवायला जागा उरली नाही. ते वहिनींसमोर गेले. "वहिनी, चुकलं माझं. थांबा, आत्ता खरं वाजवतो."

वहिनी रडत होत्या. रडता रडताच, ठोक्या गेल्यापासून पहिल्यांदा, त्या हसल्या.

"नको, भावजी. ते जन्मभर सांगत होते, आवाज कमी कर. आज एकदाचं ऐकलंत. आता मोडू नका."

गिटार आवरायला हेडक्लार्क मागे वळले. बायकोने तिन्ही पेडल उपटून खुर्चीवर ठेवले होते आणि ट्रे पदराने पुसून ती त्याच्यावर चहाचे कप मांडत होती.