आहेर ही तातडीची बाब

पैसा सांभाळणाऱ्याला मोह नसावा, याबाबत सहकारी चळवळीत एकमत आहे. अडचण एवढीच, की मोह नसलेला माणूस आमच्या शिरूर तालुक्यात अजून निवडणुकीला उभा राहिलेला नाही. म्हणून आमच्या 'घोडकाठ क्रिप्टो पाकीट संस्थे'ने माणूस नेमलाच नाही, एआय एजंट नेमला. (कायद्यात अशा संस्थेला जागा नाही. खताच्या दुकानाच्या वर होती, ती भाड्याने घेतली.)

मी संस्थेचा सचिव. अध्यक्ष हौसराव आबा. सभासद सत्तेचाळीस, सगळे आभासी नाण्यांचे मालक. ही नाणी फोनातल्या पाकिटात राहतात आणि पाकीट बारा शब्दांच्या परवलीने उघडतं. नऊ सभासदांनी ती परवली गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली होती, चौघांनी मेहुण्याला सांगितली होती (ही सर्वांत गंभीर अवस्था). तेव्हा सर्वांची नाणी एका मोठ्या पाकिटात ओतून किल्ल्या एजंटाच्या हाती द्याव्यात, असं ठरलं.

हे काम आबांच्या सुनेनं, सुलक्षणानं केलं. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं एजंटाला तीन साधनं दिली: नाणी मोजणं, नाणी विकून रुपये बँकेत पाठवणं आणि संस्थेचा व्हॉट्सॲप गट वाचणं. वर एक अटही घातली. अध्यक्षांनी आपल्या फोनवर 'मंजूर' दाबल्याशिवाय छदामही हलणार नाही. याला मानवी देखरेख म्हणतात.

नियम मात्र आमच्या कार्यकारिणीनं केले. कलम सात: सभासदाला स्वतःचे पैसे काढायचे असल्यास नव्वद दिवस आधी कळवावं. कलम आठ: आहेर, हार-तुरे व नारळ यांचा खर्च त्याच दिवशी करावा, कारण संस्थेची अब्रू नव्वद दिवस थांबत नाही.

एजंट कमालीचा सालस निघाला. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' हे शब्द दिसले की तो लगेच आहेराची परवानगी मागे. पहिल्या तीन महिन्यांत त्यानं दोनशे चौदा समारंभांचा मान राखला. त्यात लग्नं होती, जावळं होती, एका ट्रॅक्टरची पूजा होती आणि एका बैलाचा वाढदिवस होता. निमंत्रणं बहुतेक सभासदांचीच. एकानं त्याच घराची वास्तुशांत तीनदा केली, दर वेळी वेगळ्या दारातून. मी स्वतः बोअरच्या मोटारीचं बारसं केलं. (सहा हजार एक.)

दोनशे चौदाही वेळा आबांनी 'मंजूर' दाबलं.

"आबा, वाचता तरी का?" सुलक्षणानं एकदा विचारलं.

"वाचायचं आसतं," आबा म्हणाले, "तर एवढं शिकल्यालं यंत्र कशाला ठिवलं आसतं?"

अशा भरभराटीत म्हाळूमामा आले. हे दौंडला रेल्वेत चौतीस वर्षं रुळांवर काम करून निवृत्त झालेले. माझ्या शब्दावर त्यांनी लाख रुपये संस्थेत घातले होते. मुलगी राजश्री नर्सिंगला. सोमवारपर्यंत बेचाळीस हजार भरले नाहीत तर दुसऱ्या वर्षाची जागा जाणार होती, आणि त्या दिवशी गुरुवार होता. मामांनी एजंटाला लिहिलं, 'पैसं पाठव. पोरीची फी हाय.' उत्तर आलं, 'आपली मागणी नोंदवली आहे. रक्कम नव्वद दिवसांनी मिळेल. आपला दिवस आनंदात जावो.'

मामा राजश्रीला घेऊन जिना चढून वर आले.

"आबा, पैसं माझंच हायेत न्हवं?"

"तुमचंच की! न्हाई कोण म्हणतंय? म्हणून तर जपून ठेवल्यात."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ते टोपीकडेच बघत बसले. त्यांचा दिवस आनंदात जाताना दिसत नव्हता.

राजश्री दाराशी उभी होती. तिनं मला विचारलं, "काका, आहेराला किती दिवस लागतात?"

"त्याच दिवशी!" मी अभिमानानं सांगितलं.

तासाभरात मामांच्या फोनवरून गटावर पत्रिका आली. वर 'नमो बुद्धाय', भोवती सोनेरी नक्षी. 'आमची कन्या आयु. राजश्री हिचा फी-भरणा समारंभ सोमवारी सकाळी साडेदहा वाजता योजिला आहे. आपली उपस्थिती प्रार्थनीय. विशेष सूचना: आहेर बेचाळीस हजारांचाच स्वीकारला जाईल.'

एजंटानं परवानगी मागितली. आबा दाढी करून घेत होते. त्यांनी फेसातूनच दाबलं. बेचाळीस हजार एक रुपये राजश्रीच्या खात्यात पडले. वरचा रुपया तिनं परत पाठवला. (संस्थेच्या इतिहासातली ही एकमेव परतफेड.)

त्या सोमवारनंतरच्या रविवारी तातडीची सभा बोलावली. विषय एकच: संस्थेच्या सौजन्याचा गैरवापर. असा कुठला समारंभ झालाच नाही, पत्रिका बोगस आहे, असं सर्वांचं म्हणणं पडलं. तीन वास्तुशांतीवाला तर संतापानं थरथरत होता.

म्हाळूमामा उठले. "समारंभ झाला," ते म्हणाले. "मी नवा शर्ट घातला हुता. पोरगी पावती घिऊन भायेर आली, तवा मी टाळ्या वाजवल्या. तुमच्यातलं कुणी आलंच न्हाई, त्याला मी काय करू?"

मग मतदान झालं. सेहेचाळीस विरुद्ध एक अशा बहुमतानं मामांचं सभासदत्व रद्द झालं. आहेर त्यांच्याच लाखातून वळता करून उरलेले अठ्ठावन्न हजार त्यांना नव्वद दिवसांनी मिळतील. हात मीही वर केला. सचिवाला हात वर करूनच मोजणीला सुरुवात करावी लागते. मामांकडे बघायचं मात्र मी टाळलं.

राजश्री सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. आबांचा अंगठा दुखायला लागल्यानं 'मंजूर' दाबण्यासाठी आम्ही दुसरा एआय एजंट ठेवला आहे. तो प्रत्येक शब्द वाचतो. वाचूनही मंजूरच करतो, कारण नियम आमचेच आहेत.

आपण म्हणाल, आम्ही तिथं असतो तर नियम आधी नीट वाचले असते. उत्तम. एक जागा रिकामी झाली आहे. प्रवेशअर्ज बावीस पानांचा असून सही शेवटच्या पानावर करायची असते. आजवर आलेल्या तीनशे अर्जदारांनी तेच पान आधी उघडलं. आपली गैरसोय होऊ नये म्हणून आता आम्ही तेवढंच छापतो.