सारस, ढोलकी आणि केवलरामचा रकाना

"नाव सांगा आणि प्रकार सांगा," केवलराम म्हणाला आणि पेनाचं टोपण दातात धरून थांबला.

यादोरावच्या छपरीत घरची चारही माणसं बसली होती. चौघांनी एकदम चार नावं सांगितली. केवलरामनं टोपण पुन्हा पेनाला लावलं.

बिरसीच्या विमानतळाजवळचं ते गाव. लवकर पिकणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी धान अजून वाऱ्यावर मान हलवत उभा होता, आणि चार दिवसांवर मंडई आली होती. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा : शिंगाड्यांचे ढीग, गोडशेव, सासरहून आलेल्या लेकी आणि भर दुपारी मांडवातले कार्यक्रम. केवलराम मंडई समितीचा सचिव. समितीचा नियमच होता : प्रत्येक कार्यक्रमाला नाव हवं आणि प्रकार हवा, कारण प्रकारावरून वेळ ठरणार. दंडारीच्या नाटकाला तासभर, भजनाला वीस मिनिटं, नाचाला पाच. ज्याला काहीच म्हणता येत नाही ते 'इतर'. त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी, वेळ उरला तर.

मागच्या वर्षी यादोरावची मंडळी 'इतर' होती. त्याच्या आईनं, कुसुमबाईनं, गायला तोंड उघडलं आणि साउंडवाल्यानं माइकची वायर गुंडाळायला घेतली.

कुसुमबाईनं सत्तरी ओलांडली होती. धानाची रोपं लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत तिच्या गाण्यावर चाळीस बायांचे हात चालायचे. पण मांडवात ती एकदाही गायली नव्हती. तिच्या तरुणपणी दंडारीत बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचे. तिचे मालक तिचंच लुगडं नेसून, तिच्याकडूनच शिकलेलं गाणं म्हणायचे आणि टाळ्या घेऊन घरी यायचे. लुगडं धुवायला मात्र तिच्याकडेच यायचं.

"यंदा नाई गायली तं मंग कई गाऊ?" एवढंच ती म्हणाली होती. तेव्हापासून घरात तालमी सुरू होत्या.

कार्यक्रम असा : कुसुमबाई रोवण्याचं गाणं म्हणणार, यादोराव ढोलकी वाजवणार, त्याची बायको दुर्गेश्वरी मधेमधे गोंदियाच्या बाजारातल्या भाजीवाल्याच्या हिंदीत नकला करणार, लेक प्रेरणा डोक्यावर तीन पितळी गडवे एकावर एक ठेवून नाचणार, आणि शेवटी यादोराव ढोलकी सोडून, हात पसरून, सारस पक्ष्यासारखा ओरडत मांडवभर उडणार.

"आता याले मी काय म्हनू?" केवलराम हताश झाला.

"'यादोराव आनि पार्टी' लिह ना गा," यादोराव म्हणाला.

"पार्टी म्हंजे कोन जी? मी?" दुर्गेश्वरीनं भुवया चढवल्या. "सोळा वर्सं संसार केला, आन् आता मी पार्टी?"

"बाबा, 'सारस फॅमिली शो' लिहा," प्रेरणा म्हणाली.

"म्हंजे मी सारस?" कुसुमबाई म्हणाली. "माह्या टांगा पाहिल्या का तू?"

नावाचा तंटा मिटेना, म्हणून केवलरामनं आधी प्रकार घ्यायचं ठरवलं. त्यानं 'भजन' लिहिलं. संध्याकाळी भजन मंडळाचे बुवा त्याच्या दारात. "भजनात सारस नाचते का रे? कोनत्या देवाचा हाय तो?" केवलरामनं 'दंडार' केलं. दुसऱ्या दिवशी दंडारवाले आले. त्यांच्यात पंधरा गडी आणि पाच पिढ्यांची रीत. चार माणसांची दंडार त्यांनी ऐकलीही नव्हती. मग त्यानं 'नाच' केलं. नाचाला वयाची अट चौदापर्यंत, आणि प्रेरणा पंधराची. यादोरावचं वय तर कोणी विचारलंच नाही.

चौकात फलक रंगवणारा जागेश्वर प्रत्येक वेळी खोडून पुन्हा रंगवत होता. त्या एका ओळीवर रंगाचा एवढा थर चढला की बोट लावलं तर ती ओळ भाकरीसारखी दबायची.

"आता 'इतर'च लिहतो," केवलरामनं हात जोडले.

दुपारी कुसुमबाई एकटीच फलकासमोर जाऊन उभी राहिली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं जुळवत तिनं फलक वरपासून खालपर्यंत वाचला.

"काय गा जागेश्वर, सगळ्यायले मिन्टं लिहून हायेत. याच्यासमोर काऊन नाई?"

"ते 'प्रमुख पाहुणे' होय, काकू. त्यायले कोन थांबवते? बोलत राहिले तं बोलतच राहते."

"आन् नावाची जागा खाली काऊन?"

"साहेबाचा फोन नाई आला ना अजून. येतात का नाई, पत्ता नाई."

"मंग माहं लिह तिथं. खाली ठेवून काय भेटते?"

जागेश्वर खोडून खोडून इतका कंटाळला होता की कोरी जागा दिसल्याचाच त्याला आनंद झाला. त्यानं सुंदर लाल अक्षरांत लिहिलं : प्रमुख पाहुणे – कुसुमबाई व परिवार.

मंडईच्या दुपारी मांडव गच्च भरला. निवेदनाला शेजारच्या गावचे गुरुजी आणले होते. त्यांनी फलक पाहिला आणि खणखणीत आवाजात वाचला. समितीचे दोघं ठरल्याप्रमाणे शाल आणि नारळ घेऊन उठले. केवलरामनं डोक्याला हात लावला, पण तोवर कुसुमबाईच्या खांद्यावर शाल पडली होती आणि ती पाहुण्यांच्या मखमली खुर्चीवरून उठून माइकसमोर उभी होती.

*बांधीत पानी, पान्यात ढग, ढगात माहं माहेर व,*
*मागं मागं सरते मी, पुढं राहते माहेर व...*

बायांची बाजू आधी पुढं सरकली. मग चाळीस गळ्यांनी तिची ओळ उचलली. माइकच्या वायरला कोणी हात लावला नाही. प्रेरणाचे गडवे डगमगले नाहीत, दुर्गेश्वरीच्या भाजीवाल्यावर बुवासुद्धा हसले, आणि यादोरावचा सारस उडाला तेव्हा बिरसीकडचं एक शिकाऊ विमान वरून घरघरत गेलं. दोघांत सारसाचाच आवाज मोठा होता.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी धुळीचा लोट उठला. साहेब आले होते.

केवलरामनं फलक वर-खाली पाहिला. सगळ्या जागा भरल्या होत्या. 'इतर' तेवढी रिकामी होती. तो घाम पुसत साहेबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. गाणं संपवून पुन्हा खुर्चीत बसलेली कुसुमबाई शाल सावरत उठू लागली.

"बसा माय, बसा," साहेब म्हणाले. "मी काय करू ते सांगा."

"गाता येते?" कुसुमबाईनं विचारलं.

"नाही."

"नाचता?"

"नाही, माय."

"मंग पाच मिन्टं बोल, बापू. येवढ्या उनात आला, तसाच कसा जाशील?"

साहेब चार मिनिटांत थांबले. मांडवाला आधी खरंच वाटेना. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की जलेबीवाला झारा हातात घेऊनच पाहायला आला. आजवर इतक्या टाळ्या साहेबांनी ऐकल्या नव्हत्या. गाडीत बसताना त्यांनी केवलरामला हळूच जवळ बोलावलं.

"पुढच्या वर्षीही," ते म्हणाले, "मला 'इतर'मध्येच ठेवा."