गाल्याकाकूंचा डावा हात

आमच्या मंडळाच्या सभेत मतदानाची वेळ आली की गाल्याकाकू दोन्ही हात वर करायच्या. विरोधात. ठराव कुठलाही असो. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना मागून कोणीतरी पिस्तूल दाखवलंय.

मी या मंडळाचा चिटणीस. एडिसन, पिस्कॅटवे आणि आसपासची मराठी मंडळी एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन सभा भरवतात. सभेचं इतिवृत्त मी आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. लोकांनी सभेत येऊन फक्त त्याप्रमाणे वागायचं. आणि लोक वागायचेही, कारण मागच्या टेबलावर बटाटेवडे असतात आणि चर्चा लांबली की ते गार होतात.

या सुखी संसारात गाल्याकाकू आल्या. मूळच्या रशियन, नाव गालीना. नागपूरचे श्रीधरराव तिकडे इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि लग्न करून तिकडेच राहिले. मधली तीन वर्षं दोघं नागपुरात होते. तिथे सासूबाईंनी सुनेला मराठी शिकवली. त्यामुळे गोरीपान, निळ्या डोळ्यांची ही बाई तोंड उघडते तेव्हा आतून नागपूरच्या महाल भागातली सासू बोलते. श्रीधरराव गेल्यावर, दोन-तीन वर्षांपूर्वी, त्या एडिसनला मुलीकडे आल्या.

त्यांच्या पहिल्याच सभेत मी जाहीर केलं की काळेकाका सलग अकराव्यांदा अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले आहेत. टाळ्या झाल्या. गाल्याकाकू उभ्या राहिल्या.

"अकरा वेळा? बाप्पा! आणि यांच्या विरोधात उभे राहणारे कुठे आहेत? आत टाकले का?"

"काकू, आत कोण टाकणार?" मी म्हटलं. "या पदावरच्या माणसाला खुर्च्या उचलाव्या लागतात. कोणी उभंच राहत नाही."

"मला तर दर वर्षी सोडायचंय हो," काळेकाका काकुळतीने म्हणाले.

"आमच्याकडचे साहेब पण दर वेळी असंच म्हणतात," गाल्याकाकू म्हणाल्या. "नाइलाजाने राहून राहिले म्हणे. पंचवीस वर्षं नाइलाज."

पुढच्या निवडणुकीत त्या स्वतःच उभ्या राहिल्या. काळेकाकांना इतका आनंद झाला की काकूंच्या अर्जावर अनुमोदक म्हणून त्यांनीच सही केली. मतदानात काकू सपाटून पडल्या. त्यांना एकच मत मिळालं, तेही काळेकाकांचं. काकूंनी स्वतः काळेकाकांना मत दिलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "काम चांगलं करून राहिला ना बिचारा! मत कामाला द्यायचं. उभं कोणीतरी राहिलं पाहिजे, म्हणून राहिली."

तेव्हापासून त्यांनी एकही ठराव सुखाने जाऊ दिला नाही. सहल तळ्याकाठी न्यायची, विरोध. पार्किंगमध्ये गाड्या नीट लावायच्या, विरोध. मागच्या अध्यक्षांच्या निधनाबद्दल दुखवटा, तिथेसुद्धा त्या हात वर करणार होत्या, पण त्यांच्या मुलीने पदर धरून बसवलं. गणपतीला उकडीचेच मोदक करायचे, या ठरावाला मात्र त्यांनी मनापासून विरोध केला. सासूबाई तळणीचे करायच्या.

मी शहाणपणा करून इतिवृत्तात 'सर्वानुमते' तसंच ठेवायचो. एक म्हातारी बाई, तिचं काय एवढं! पण सभा संपली की काकू वड्याची बशी घेऊन माझ्या शेजारी बसायच्या आणि वहीवर बोट ठेवायच्या. "खोड. लिही, विरोधात एक." मी लिहिल्यावर त्या पानाचा फोटो काढायच्या आणि मगच वडा खायच्या.

इथवर एकच हात होता, उजवा. गेल्या वर्षी अचानक दोन सुरू झाले आणि त्या 'विरोधात दोन' लिहा म्हणायला लागल्या. झालं! कोणी म्हणे हे बोगस मतदान, कोणी म्हणे उद्या माझा मुलगा पाय वर करील. एरवी तोंडातून शब्द न काढणारे लोक मंडळाची घटना वाचून आले. शेवटी काळेकाकांनी ठराव आणायचं ठरवलं: एका सभासदाने एकच हात वर करावा. आणि काकूंना समजवायला मला पाठवलं.

रविवारी दुपारी मी गेलो. काकू टेबलाशी काहीतरी लिहीत होत्या. माझ्या इतिवृत्ताच्या पानांचे फोटो छापून समोर मांडले होते. तोंडाला कोरड पडेपर्यंत मी लोकशाही समजावून सांगितली. त्यांनी चहा पुढे केला.

"मंदार, तिकडे मी शाळेत शिकवायची. वेरा भूगोल शिकवायची, माझ्याच खोलीत बसायची. एक दिवस ती चौकात कोरा कागद घेऊन उभी राहिली. काहीच लिहिलं नव्हतं बरं! तरी पोलिसांनी वाचला."

मी हसलो. त्याही हसल्या.

"मग शाळेत सभा झाली. वेराला काढायचं. हात वर करा म्हणाले. सगळ्यांनी केले. मीही केला." उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. "कागदावर लिहिलं, सर्वानुमते. वेरा समोरच बसली होती. पुढे ती आणखी काही बोलली, आणि आत गेली."

मी कप खाली ठेवला.

"तिला तुरुंगात पत्र लिहिते. राजकारण लिहिलं तर सेन्सॉर काळं करतो. म्हणून तुमचं मंडळ लिहिते. आज मी सहलीला विरोध केला, आज मोदकाला केला. वेरा बराकीत मोठ्याने वाचते. सहा बाया आहेत, सगळ्या तळणीच्या बाजूच्या. वर्षभराने तिचं उत्तर आलं. लिहिते, गाल्या, माझा पण हात वर कर." काकूंनी डावा हात हळूच उचलून दाखवला. "हा वेराचा आहे. नियम केला तर मी पाळीन, बावा. एकच हात वर करीन. पण मग माझा करणार नाही."

काकूंना समजवायला गेलेला मी तिथे रडून आलो. घरी येऊन पुढच्या सभेचं इतिवृत्त लिहून ठेवलं, सवयीने. सर्वानुमते मंजूर.

सभेत काळेकाकांनी ठराव वाचला. बाजूने सगळा हॉल हात वर करून मोकळा झाला.

"विरोधात?" काळेकाका म्हणाले. "काकू, कृपा करून एकच हं!"

गाल्याकाकूंनी डावा हात वर केला. उजवा मांडीवरच्या पर्सवर तसाच पडून होता. हॉलभर समाधानाचा सुस्कारा निघाला आणि लोकांच्या माना वड्यांकडे वळल्या.

मी उभा राहिलो आणि हात वर केला. चिटणीसपदाच्या सात वर्षांत पहिल्यांदाच.

"मंदार, तू?" काळेकाकांचा चष्मा घसरला. "अरे, ठराव तूच टाइप केलास ना!"

"हो. स्पेलिंगसकट पटला नाही."

ठराव बहुमताने मंजूर झाला. मी वहीतलं 'सर्वानुमते' खोडलं आणि लिहिलं, विरोधात दोन. काकू बशी घेऊन शेजारी येऊन बसल्या. पानाचा फोटो काढला, पण वडा उचलला नाही.

"वेरा विचारील," त्या म्हणाल्या. "एक हात तिचा, हे तिला कळेल. दुसरा कोणाचा लिहू?"

"तुम्ही वर केलात तो तिचाच लिहा," मी म्हटलं. "मी केला तो तुमचा."

त्यांनी काहीच विरोध केला नाही. बशीतला वडा अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. तो केव्हाच गार झाला होता.